हातून गेलेला फोन आणि संगणक : ताबा परत मिळविण्याचा क्रम

प्रस्तावना

‘फोन हॅक झाला’ हे वाक्य आज निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबादपासून आळंदपर्यंतच्या सीमाभागात कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत सारखेच ऐकू येते. भाषेच्या अध्यापकास या वाक्याची एक अडचण लगेच जाणवते. बोलणारा एकच शब्द वापरतो, परंतु त्यामागे निरनिराळ्या घटना असतात आणि प्रत्येक घटनेवरील उपाय वेगळा असतो. चुकीच्या घटनेवर चुकीचा उपाय केला म्हणजे वेळ जातो, आणि या प्रकारात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू असते.

कम्युनिटी कॉलेजातील अध्यापकाकडे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शेजारपाजारची मंडळी अशा प्रसंगी सल्ल्यासाठी येतात. त्यांना नेमके काय सांगावे आणि कोणत्या क्रमाने करावयास लावावे, हे सोप्या भाषेत मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संगणकशास्त्राचे ज्ञान येथे गृहीत धरलेले नाही.

१. ‘हॅक’ या शब्दाचे चार अर्थ

पहिला प्रकार म्हणजे नक्कल. कोणीतरी आपले नाव व छायाचित्र दुसऱ्याच क्रमांकावर लावून आपल्या ओळखीच्यांकडे पैसे मागतो. यात आपला फोन सुरक्षित असतो. ओळखीच्यांना सावध करणे आणि त्या खोट्या खात्याची तक्रार करणे एवढेच काम असते.

दुसरा प्रकार म्हणजे खाते जाणे. व्हॉट्सॲप, ई-मेल किंवा फेसबुक दुसऱ्याच्या यंत्रावर चालू होते आणि आपण बाहेर पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे क्रमांक जाणे. आपल्याला येणारे फोन परस्पर दुसरीकडे वळविले जातात किंवा आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम काढले जाते. आपल्या फोनवरील सिग्नल अचानक आणि बराच वेळ नाहीसा होणे ही दुसऱ्या सिमची खूण होय.

चौथा प्रकार म्हणजे यंत्रच बाधित होणे. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाइल उघडली असता फोनमध्ये एक उपद्रवी ॲप बसते आणि येणारे संदेश चोराकडे पाठवू लागते. कधी ‘मदत करतो’ असे सांगून एनीडेस्कसारखे ॲप घ्यावयास लावतात आणि पडदाच दुसऱ्याला दिसू लागतो. संगणकाच्या बाबतीत फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम याच प्रकारात मोडतो.

तेव्हा कोणी धावत आल्यास पहिला प्रश्न ‘काय गेले?’ हा विचारावा : नाव, खाते, क्रमांक की यंत्र?

२. शिक्का खरा, मजकूर खोटा

बिदरच्या वाचकास ही गोष्ट समजावून देण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्यांचा १४७२ चा मदरसा आजही बिदर शहरात उभा आहे, त्या बहामनी राज्याच्या वजीर ख्वाजा महमूद गवान यांचा अंत १४८१ मध्ये एका पत्रामुळे झाला. त्यांच्या विरोधकांनी शिक्का सांभाळणाऱ्या नोकरास हाताशी धरून कोऱ्या कागदावर गवानांचा शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाच्या नावे राजद्रोहाचा मजकूर लिहिला. सुलतान मुहम्मदशाह तिसरा याने शिक्का पाहिला व मजकुरावर विश्वास ठेवला. शिक्का खराच होता. पत्र मात्र खोटे होते.

आजचे खाते म्हणजे असाच शिक्का होय. आपल्या क्रमांकावरून गेलेला संदेश आपलाच समजला जातो. म्हणून खाते चोरणाऱ्याचा डोळा बहुधा मालकाच्या गुपितांपेक्षा त्याच्या पतीवर असतो. अध्यापकाची पत गावात मोठी असते. त्याच्या क्रमांकावरून ‘तातडीने पाच हजार पाठवा’ असा संदेश गेला तर पालक पुन्हा विचारीत बसत नाहीत. अध्यापकाचे खाते जाणे ही यासाठीच खाजगी बाब राहत नाही.

याचे उदाहरण कर्नाटकातच घडले. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरू येथे अभिनेत्री प्रियांका उपेंद्र यांना मागविलेल्या वस्तूच्या वितरणाचे निमित्त सांगून तारा व हॅश ही चिन्हे असलेला एक कोड डायल करावयास लावण्यात आले. त्यानंतर त्यांचे व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती गेले आणि त्यांच्या नावाने परिचितांकडे पैशाची मागणी सुरू झाली. सुमारे दीड लाख रुपये गेले. पुढे नोव्हेंबरमध्ये या प्रकरणी बिहारमधून एका तरुणास अटक झाली.

यामागील युक्ती साधी आहे. असे कोड फोन दुसऱ्या क्रमांकावर वळविण्यासाठी असतात. व्हॉट्सॲपचा सहा अंकी संकेत संदेशाने मागवता येतो, तसाच फोन कॉलवरूनही मागवता येतो. कॉल वळविलेला असला की संकेत चोराच्या कानी पडतो. मालकाने कोणालाही ओटीपी सांगितलेला नसतो, तरीही खाते जाते.

३. पहिली पंधरा मिनिटे

या वेळात पुढील चार गोष्टी कराव्यात.

एक, यंत्र जाळ्यातून वेगळे करावे. फोनचा डेटा व वायफाय बंद करावा. संगणकाची इंटरनेटची तार काढावी. चोर दुरून काम करतो, म्हणून तार तुटली की त्याचा हात तुटतो.

दोन, दुसऱ्याच्या विश्वासू फोनवरून बँकेस कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळणारे ‘ग्राहक सेवा’ क्रमांक कित्येकदा ठगांचेच असतात.

तीन, पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत पोलीस, बँका आणि पैसे पाठविणाऱ्या कंपन्या एकमेकांशी जोडल्या गेल्या आहेत. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविला जातो. तो वाटेत असतानाच अडविता येतो. एकदा रोख काढला गेला की आशा कमी होते. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून ठेवावा.

चार, ओळखीच्यांना फोन करून किंवा दुसऱ्या माध्यमातून कळवावे. ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांचा फोन व व्हॉट्सॲप हॅक झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच समाजमाध्यमावर तसे जाहीर केले, आपल्याशी त्या क्रमांकावर संपर्क करू नये असे सांगितले आणि पुणे ग्रामीण पोलिसांकडे तक्रार दिली. हॅक करणाऱ्यांनी चारशे डॉलर मागितल्याचेही त्यांनी नंतर सांगितले. लोक आपल्याला अडाणी म्हणतील या भीतीने आपल्याकडे अनेकजण दोन-दोन दिवस गप्प राहतात. त्या दोन दिवसांतच चोराचे काम पूर्ण होते.

घाईने फोन पूर्ण पुसून टाकू नये. संदेश, क्रमांक, व्यवहाराचा तपशील यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने आधी घ्यावीत. तोच पुढे पुरावा ठरतो.

४. आधी क्रमांक, मग मेल, मग बाकीचे

ताबा परत मिळविताना क्रम चुकला तर श्रम वाया जातात. व्हॉट्सॲप परत मिळविण्यासाठी क्रमांक लागतो, बँकेचे ओटीपी क्रमांकावर येतात, फेसबुकचा पासवर्ड मेलवरून बदलता येतो, आणि मेलची ओळख पुन्हा क्रमांकावरून पटविली जाते. क्रमांक ही घराच्या मुख्य दाराची किल्ली आहे. ती चोराकडे असताना आतल्या खोल्यांची कुलुपे बदलून उपयोग नाही.

क्रमांक. सिम काढून साध्या फोनमध्ये घालावे आणि *#२१# डायल करून कॉल वळविलेले आहेत काय ते पाहावे. ##००२# डायल केल्याने सर्व प्रकारचे वळविणे रद्द होते. हे कोड चालले नाहीत तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये पाहावे किंवा कंपनीकडून बंद करून घ्यावे. दुसरे सिम निघाले असल्यास ओळखपत्रासह कंपनीच्या अधिकृत दुकानात जाऊन ते बंद करावे व नवे घ्यावे. सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर (१६ मे २०२३ पासून) आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत ते पाहता येते आणि हरवलेला फोनही बंद करता येतो.

येथे आपल्या भागाची एक खास अडचण नोंदविली पाहिजे. अनेक घरांत आईच्या किंवा बहिणीच्या हातातील सिम हैदराबादला, पुण्याला किंवा आखाती देशात असलेल्या भावाच्या नावावर असते. संकटाच्या वेळी दुकानदार ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच ओळखपत्रासह मागतो, आणि तो हजार मैलांवर असतो. सिम वापरणाऱ्याच्याच नावावर असावे, ही सुधारणा आजच करण्यासारखी आहे. तद्वतच, न वापरता सोडून दिलेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकास देते. असा जुना क्रमांक मेलला किंवा बँकेला जोडलेला राहिला असेल तर किल्ली अनोळखी माणसाच्या हाती जाते.

मेल. गूगलचे खाते परत मिळविण्याची प्रक्रिया नेहमीच्या यंत्रावरून आणि नेहमीच्या ठिकाणाहून केल्यास यशाची शक्यता वाढते, कारण गूगल त्या ओळखीचाही विचार करते. नेहमीचा फोनच बाधित असल्याचा संशय असेल, तर पूर्वी वापरलेला घरातील दुसरा फोन किंवा संगणक घ्यावा. चोराने पर्यायी क्रमांक बदलला असला तरी बदलापासून सात दिवस जुन्या क्रमांकावर संकेत मागविण्याची संधी मिळू शकते. म्हणून आठवडा उलटू देऊ नये. आत प्रवेश मिळताच पासवर्ड बदलावा, इतर सर्व उपकरणांवरून बाहेर पडावे, पर्यायी मेल व क्रमांक आपलेच आहेत ना हे तपासावे आणि आपली मेल दुसऱ्या पत्त्यावर जाण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे काय तेही पाहावे. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पासवर्ड बदलूनही पत्रे चोराला मिळत राहतात.

व्हॉट्सॲप. ॲप पुन्हा घेऊन आपला क्रमांक घालावा आणि येणारा सहा अंकी संकेत भरावा. तो भरताच चोराच्या यंत्रावरील खाते आपोआप बंद होते. चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असल्यास आपल्याला सात दिवस थांबावे लागते. परंतु त्या काळात चोरही आत नसतो, हे ध्यानात ठेवावे व घाबरू नये. आत गेल्यावर ‘जोडलेली उपकरणे’ पाहून अनोळखी यंत्रे काढावीत आणि स्वतःचा पिन लावावा.

‘दोन हजार द्या, खाते परत आणून देतो’ असे म्हणणारे या काळात भेटतात. ती दुसरी फसवणूक असते. खाते परत करण्याचा अधिकार फक्त त्या त्या कंपनीकडे असतो.

५. यंत्राची सफाई

खाती हाती आल्यावर यंत्राकडे वळावे. सफाई होण्यापूर्वी त्या यंत्रावर नवा पासवर्ड टाइप करू नये. नवीन किल्ली जुन्या चोरासमोर घडविल्यासारखे ते होईल.

अँड्रॉइड फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू केल्यास बाहेरून घेतलेली ॲप्स चालत नाहीत. मग सेटिंगमध्ये दोन ठिकाणे पाहावीत : ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’. उपद्रवी ॲप येथूनच अधिकार मिळविते आणि म्हणूनच ते सहज निघत नाही. अधिकार काढून घेऊन ॲप काढावे. संशय उरल्यास छायाचित्रे व संपर्क क्रमांक वेगळे ठेवून फोन मूळ स्थितीत आणावा; जुनी ॲप्स मात्र परत आणू नयेत.

संगणकावर विंडोज सुरू होण्यापूर्वी तपासणी करणारी ‘डिफेंडर ऑफलाइन’ ही सोय विंडोजमध्येच असते. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने फेब्रुवारी २०१७ पासून सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. कार्यालयांतील कित्येक संगणक अजून विंडोज १० वर चालतात. मायक्रोसॉफ्टने त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. ज्या संगणकाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज आणि परीक्षेचे गुण ठेवणे योग्य नव्हे.

फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी देऊ नये; दिल्यावर फाइली मिळतीलच याची हमी नसते. ‘नो मोर रॅन्सम’ या २०१६ मध्ये युरोपीय पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या उपक्रमात काही प्रकारच्या कुलुपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. तथापि खरा उपाय एकच : वेगळी ठेवलेली प्रत. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्याशी संबंधित असलेले न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीला सुमारे ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. संपूर्ण जाळ्याचा नकाशा जपणाऱ्या तिच्या मुख्य संगणकांपैकी घाना देशातील फक्त एक वाचला होता, आणि तोही केवळ हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली असल्यामुळे! जी प्रत जाळ्याबाहेर होती, तीच कामी आली. प्रत्येक विभागाने आठवड्याची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर घेऊन ती संगणकापासून काढून कपाटात ठेवावी, एवढाच याचा अर्थ.

६. कायदा व तक्रार

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ खाली दुसऱ्याच्या यंत्रात अप्रामाणिकपणे घुसखोरी करणे हा गुन्हा आहे. कलम ६६ क दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरण्याबद्दल, तर ६६ ड संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविण्याबद्दल आहे. शेवटच्या दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्नाटकात जिल्ह्याच्या पातळीवर यासाठी ‘सेन’ पोलीस ठाणी आहेत.

सीमाभागातील माणसास नेहमी पडणारा प्रश्न म्हणजे तक्रार कोठे द्यावी. राहणे बिदर जिल्ह्यात, बँक सोलापुरात आणि चोर तिसऱ्याच राज्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणाचीही असली तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. १९३० हा क्रमांकही देशभर एकच आहे.

बँकेच्या जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक तत्त्व घालून दिले. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार पडू नये. ग्राहकाने स्वतःच संकेत सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही स्थितींत लवकर कळविणाऱ्याचाच फायदा होतो.

७. लाजेचा प्रश्न

पैशापेक्षा नाजूक असा आणखी एक भाग आहे. विद्यार्थिनीचे खाते गेल्यावर तिची छायाचित्रे दाखवून धमकाविले जाते, आणि ती घरी सांगू शकत नाही. बहुतेक घरांत पहिली शिक्षा तिलाच होते : फोन काढून घेतला जातो, कधी शिक्षणही थांबते. म्हणून ती चोराचे ऐकत राहते.

या बाबतीत आपल्या परंपरेने दिलेली शिकवण स्पष्ट आहे. परवानगीवाचून कोणाच्या घरात शिरू नये हा आदेश सूरह नूरमध्ये आहे, आणि दुसऱ्याची गुपिते धुंडाळण्यास सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे. दोष शिरणाऱ्याचा असतो, ज्याच्या घरात शिरले त्याचा नव्हे. अध्यापकाने हे वाक्य वर्गात एकदा स्वच्छ सांगितले तरी पुष्कळ मुलींना तोंड उघडण्याचे धैर्य येईल.

मदतीचे मार्ग आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया व मुले यांच्याविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही डिसेंबर २०२१ पासूनची सेवा अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या खाजगी छायाचित्राचा फक्त अंकी ठसा घेते. छायाचित्र फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते आपल्या माध्यमांवर पसरण्यापासून रोखतात. धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अध्यापकाकडील अमानत होय. ती स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय होता कामा नये.

समारोप

उपरोक्त विवेचनाचे सार असे : काय गेले ते ओळखावे, यंत्र वेगळे करावे, पैसा थांबवावा, लोकांना कळवावे, मग क्रमांक, मेल, इतर खाती आणि शेवटी यंत्र या क्रमाने ताबा घ्यावा.

यासाठी महाविद्यालयांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, हा क्रम मराठी, उर्दू व कन्नडमध्ये एका कार्डावर छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी द्यावा. कार्ड कागदाचेच असावे, कारण फोन गेल्यावर फोनमधील सूचना वाचता येत नाहीत. दुसरी, पालकांच्या सभेत फोनची भाषा मराठी किंवा उर्दू कशी करावी ते दाखवावे. पडद्यावर कसली परवानगी मागितली जात आहे हे न कळताच ‘ठीक’ दाबले जाते, आणि ज्या आईला उर्दूच वाचता येते तिच्यासाठी इंग्रजीतील इशारा हा इशाराच नसतो. तिसरी, प्रत्येक विभागात एक अध्यापक व एक अध्यापिका यांची नावे अशा मदतीसाठी जाहीर करावीत.

कोड आणि युक्त्या उद्या बदलतील. परंतु खात्यावरून आलेली पैशाची मागणी खरी आहे काय, हे त्या माणसाचा आवाज ऐकून ताडून पाहण्याची सवय कायम उपयोगी पडेल. गवानांच्या दरबारात शिक्का पाहिला गेला, शहानिशा झाली नाही. ती शहानिशा करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे आपल्याच कामाचा भाग आहे.